उलटीचे इंजेक्शन आणि उलटीच नसलेला धोका

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, बोस्टन टेरियर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांच्या तोंडातून जठरातला द्रव किंवा फेस बाहेर येणे हा त्या जातींचा स्वभावच आहे, असा समज कुत्री पाळणाऱ्यांत तर आहेच, पण पशुवैद्यकीय व्यवसायाच्या काही भागातही तो अजून टिकून आहे. त्याच समजाचे दुसरे अंग असे की, कुत्र्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले आणि भुलीआधी उलटीविरोधी इंजेक्शन दिले म्हणजे करण्यासारखे सारे करून झाले, आणि त्यानंतरही जे घडेल ते टाळण्याजोगे नव्हतेच. हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो प्राणी आपली मळमळ कोणाला सांगू शकत नाही, म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे आवश्यक आहे.

या जातींमध्ये पैदाशीच्या निवडीने कवटीची हाडे आखूड होत गेली, परंतु त्या हाडांच्या आत सामावणारे मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. त्यामुळे नाकपुड्या चिमटलेल्या, नाकाच्या आतील पडदे दाटलेले, जीभ तोंडाच्या मानाने जाड आणि मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, लांबून स्वरयंत्राच्या तोंडावर लोंबणारा, अशी रचना तयार होते, आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या श्वासाच्या विकाराला पशुवैद्यक ‘बोआस’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. हवेचा प्रवाह संथ व सरळ असतो तेव्हा नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम ध्यानात घेतला म्हणजे अशा कुत्र्याला प्रत्येक श्वास किती जोराने ओढावा लागत असेल याची कल्पना येते. या ओढीमुळे छातीच्या पोकळीतला दाब सामान्यापेक्षा बराच खाली जातो, आणि तो खाली गेलेला दाब केवळ हवाच नव्हे, तर श्वासपटलाच्या पलीकडे पोटात असलेले जठरही वर खेचू पाहतो. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा; त्यातील ज्या छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते, त्याच छिद्रातून जठराचा वरचा भाग अधूनमधून छातीत सरकतो आणि परत येतो, या स्थितीला हायटल हर्निया म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३६ कुत्र्यांना खायला देऊन त्यांचे गिळणे क्ष-किरणांच्या चलचित्रणाखाली पाहिले गेले, तेव्हा ४४ टक्क्यांमध्ये हा हर्निया आढळला. त्याच्या बारा वर्षे आधी फ्रान्समधील सिरिल पाँसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासाच्या तक्रारीसाठी आणलेल्या ७३ कुत्र्यांची अन्ननलिका व जठर दुर्बिणीने तपासले होते, आणि ज्यांना पचनाची कोणतीही दृश्य तक्रार नव्हती अशा कुत्र्यांमध्येही दाह आणि रचनेतील दोष त्यांना सापडले होते.

यावरून निघणारा अर्थ असा की, या कुत्र्यांत नाकाचा आजार आणि जठराचा आजार हे दोन वेगळे आजार नसून एकाच बिघाडाची दोन टोके आहेत, कारण वर आलेले आम्ल घशाला सुजवते, सुजलेला घसा श्वास आणखी अडवतो आणि अडलेला श्वास जठराला आणखी वर ओढतो. ज्याला ‘स्वभाव’ म्हटले जाते तो हा विकार आहे, आणि विकार म्हटले की त्याचा अंदाज बांधणे, त्याला तोंड देण्याची तयारी करणे आणि ती न केल्यास जाब देणे हे सारे ओघाने येते.

भूल दिल्यावर हाच बिघाड अनेक पटींनी धोकादायक होतो. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर असलेली झडपेसारखी स्नायूंची पकड भुलीच्या बहुतेक औषधांनी सैल पडते; मॉर्फिनसारखी अफूवर्गीय वेदनाशामके, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅसिप्रोमाझीन आणि श्वासावाटे दिले जाणारे भुलीचे वायू या सर्वांचा तो परिणाम आहे. शस्त्रक्रिया चालू असताना वर आलेले बहुतेक आम्ल तोंडापर्यंत पोहोचतच नाही, ते अन्ननलिकेत साचून राहते आणि आम्लता मोजणारी नळी आत सोडल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे टेबलावर काही सांडले नाही याचा अर्थ काही वर आले नाही असा काढता येत नाही. मग भूल उतरू लागते, श्वासनलिकेतील नळी काढली जाते, गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अजून अर्धवट जागी झालेली असते, घसा नळीने आणि शस्त्रक्रियेने सुजलेला असतो, आणि गोंधळलेला कुत्रा धापा टाकत पुन्हा जोराने श्वास ओढू लागतो. अन्ननलिकेत साचलेला द्रव याच क्षणी घशात येतो आणि तिथून फुप्फुसात ओढला जातो. त्यातून होणारा फुप्फुसदाह, ज्याला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात, आधीच अपुरा श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो. जे कुत्रे यातून वाचते त्याच्या अन्ननलिकेला आम्लाने भाजून पुढील काही आठवड्यांत तिचा मार्ग आकसण्याची शक्यताही असते.

आता इंजेक्शनाच्या प्रश्नाकडे वळता येईल. उलटी ही मेंदूने घडवून आणलेली क्रिया आहे: आधी मळमळ होते, लाळ सुटते, ओठ चाटले जातात, मग पोटाचे स्नायू जोराने आवळतात आणि जठर रिकामे होते. रिगर्जिटेशन, म्हणजे जठरातला किंवा अन्ननलिकेतला ऐवज स्नायूंच्या प्रयत्नाविना नुसताच वर येणे, ही दाबाच्या फरकामुळे आणि सैल पडलेल्या पकडीमुळे घडणारी घटना आहे, आणि तिच्यात मेंदूचा आदेश नसतो. कुत्र्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे उलटीविरोधी औषध मॅरोपिटंट मेंदूतील ज्या ग्राहींवर काम करते, त्यांना रोखल्याने पहिली क्रिया थांबते, दुसरी थांबत नाही. हे केवळ तर्काने नव्हे तर प्रयोगाने दिसले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मॅरोपिटंट दिलेल्या कुत्र्यांना उलट्या झाल्या नाहीत, परंतु भुलीखाली आम्ल अन्ननलिकेत येण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. म्हणजे ज्या इंजेक्शनावर सारी भिस्त ठेवली जाते, ते या जातींच्या मुख्य धोक्याला स्पर्शच करत नाही.

यावरून मॅरोपिटंट निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अफूवर्गीय औषधाने येणारी उलटी टळणे, भुलीनंतर कुत्र्याने लवकर खाऊ लागणे, हे त्याचे लाभ खरे आहेत आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्याला ते हवेच आहेत. मात्र तेथेही वेळ पाळावी लागते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ मिलिग्रॅम या मात्रेने दिलेले इंजेक्शन भुलीपूर्व औषधांच्या सुमारे तासभर आधी गेले तर ते उपयोगी पडते. त्यांच्यासोबत एकाच वेळी टोचले तर कुत्र्याला मळमळ होऊन जाते आणि औषध मागून पोहोचते. घाईच्या दवाखान्यात हा तासभराचा अवधीच गळून जातो आणि तरीही केसपेपरवर ‘उलटीविरोधी औषध दिले’ अशी नोंद राहते, ही गोष्ट गंभीर आहे.

उपवासाचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. रिकामे जठर म्हणजे सुरक्षित जठर, हे गृहीतक सोपे वाटते, पण उपाशी जठरातही आम्ल पाझरत राहते, आणि अन्न नसल्याने ते सौम्य होत नाही. भुलीच्या तीन तास आधी थोडे ओले अन्न दिल्यास आम्ल वर येण्याचे प्रमाण घटते असे एका संशोधकगटाला आढळले, तर दुसऱ्या गटाला नेमके त्याच्या उलट आढळले, त्यामुळे या बाबतीत ठाम नियम सांगणाऱ्याने सावध असावे. अमेरिकन प्राणी रुग्णालय संघटनेच्या २०२० सालच्या भूलविषयक मार्गदर्शक सूचनांनी निरोगी कुत्र्यासाठी ४ ते ६ तास आणि अन्न वर येण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्यासाठी ६ ते १२ तास असा भेद केला आहे, आणि तो समंजस आहे, कारण त्यात कुत्र्याचा इतिहास विचारणे गृहीत धरलेले आहे. आदल्या संध्याकाळी सातनंतर काही देऊ नका असे सरसकट सांगून दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रिया करणे आणि मधल्या काळात पाण्याचे भांडेही उचलून ठेवणे याला मात्र यांपैकी कशाचाही आधार नाही.

मग उपाय कोणता, असा रास्त प्रश्न येतो, आणि येथे प्रतिपक्षाचा सर्वांत जोरदार युक्तिवाद उभा राहतो: एकही औषध खात्रीचे नाही, मग यादी वाढवण्यात अर्थ काय? पहिला भाग खरा आहे. जठर पुढे रिकामे करणारे आणि पकड घट्ट करणारे मेटोक्लोप्रामाइड २००६ सालच्या एका चाचणीत प्रतिकिलो १ मिलिग्रॅम एकदम आणि नंतर तितकेच दर तासाला शिरेतून सतत देण्यात आले, तेव्हा आम्ल वर येण्याचा धोका निम्म्याहून थोडा अधिक घटला. नंतरच्या एका अभ्यासात मात्र तसा फायदा दिसला नाही. शिवाय वॉर्डात सर्रास दिली जाणारी मात्रा दिवसाला प्रतिकिलो १ ते २ मिलिग्रॅम असते, म्हणजे चाचणीत तास-दोन तासांत जेवढे गेले तेवढे येथे दिवसभरात जाते, आणि तरीही त्या चाचणीचा दाखला देऊन समाधान मानले जाते. ओमेप्राझोलच्या वर्गातील आम्लरोधके आम्ल वर येण्याचे थांबवत नाहीत, वर आलेल्या द्रवाची दाहकता कमी करतात. याच वर्गातील एसोमेप्राझोल सिसाप्राइडसोबत दिले तेव्हा वर येण्याच्या घटनाही घटल्या, असे २०१२ साली ६१ कुत्र्यांच्या अभ्यासात दिसले. एकट्याने दिले तेव्हा आम्लता तेवढी उतरली. सिसाप्राइडच्या बाबतीत भारतातील पशुवैद्यकांची अडचण वेगळी आहे, कारण माणसांच्या हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे येथे २०११ साली त्याच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आली, त्यामुळे परदेशी पाठ्यपुस्तकातील यादी जशीच्या तशी उचलता येत नाही.

परंतु एकेक औषध अपुरे आहे यावरून एकत्रित योजना व्यर्थ आहे असे सिद्ध होत नाही. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झालेल्या ८४ कुत्र्यांची तुलना करण्यात आली: ४० कुत्र्यांवर जुन्या, ज्या-त्या डॉक्टरच्या पद्धतीने उपचार झाले होते, तर ४४ कुत्र्यांसाठी ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली, जिच्यात आधीपासून मेटोक्लोप्रामाइड व फॅमोटिडिन, अफूवर्गीय औषधांचा आवरता वापर आणि भूल उतरताना अतिदक्षता कक्षातील देखरेख यांचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतर रिगर्जिटेशन झालेल्या कुत्र्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३५ टक्के आणि दुसऱ्यात ९ टक्के होते. हा अभ्यास मागे वळून नोंदी तपासणारा आहे, दोन गट वेगवेगळ्या काळातले आहेत, आणि सुधारणा औषधांनी झाली, अफूवर्गीय औषधे घटल्याने झाली की डोळ्यांत तेल घालून बसलेल्या परिचारिकांमुळे झाली, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. फॅमोटिडिन हे आम्लरोधक ओमेप्राझोलहून दुबळे असल्याचेही सर्वमान्य आहे. या सर्व मर्यादा मान्य करूनही, ३५ आणि ९ यांमधले अंतर ‘जातीचा स्वभाव’ या उत्तराला पूर्णपणे निकालात काढते, कारण दोन्ही गटांत कुत्री त्याच प्रकारची होती आणि बदलली होती ती माणसांची वागणूक.

आम्लरोधकांवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र दुर्लक्षिण्यासारखा नाही. आम्ल उतरले की जठरात जंतू वाढतात आणि तो द्रव फुप्फुसात गेल्यास संसर्ग अधिक वाईट होईल, असे म्हटले जाते. पशुवैद्यकीय अंतर्गत वैद्यकाच्या अमेरिकन महाविद्यालयाने २०१८ साली काढलेल्या सहमतीपत्रातही ही औषधे विनाकारण आणि दीर्घकाळ देण्याविरुद्ध इशारा आहे. परंतु तो इशारा सरसकट वापराविरुद्ध आहे. ज्याच्या अन्ननलिकेत आधीच दाह आहे अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून सुरुवात करून, गरज संपताच थांबवायच्या औषधाला तो लागू करणे म्हणजे त्या पत्राचा आशय बाजूला ठेवणे होय.

अफूवर्गीय औषधे कमी करणे म्हणजे कुत्र्याला वेदनेत ठेवणे, हा आक्षेप करुणेतून येतो आणि म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. वेदनेने कुत्रा धापा टाकतो, धापेने छातीतला दाब खाली जातो, आणि त्यामुळे वेदना न शमवणे हे याच आजाराला खतपाणी घालणे आहे. म्हणून मार्ग आहे तो जागेवरची भूल देऊन त्या भागातील मज्जातंतू बधिर करण्याचा, योग्य कुत्र्याला दाहशामक देण्याचा आणि उलटी कमी आणणारे अफूवर्गीय औषध निवडण्याचा. घशाची सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड दिलेले असेल तर त्यासोबत दाहशामक वेदनाहारक देऊ नये, कारण दोन्ही मिळून जठराच्या अस्तराला व्रण पाडू शकतात. भारतातील अनेक दवाखान्यांत स्वस्त आणि सहज उपलब्ध म्हणून झायलेझीन व केटामाइन यांची जोडी अजून वापरली जाते. झायलेझीन स्वतःच उलटी आणणारे औषध आहे, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यासाठी ते पहिली निवड असण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही.

तरीही औषधांइतकाच, किंबहुना अधिक, निर्णायक असतो तो भूल उतरण्याचा तास, आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. शस्त्रक्रिया संपली की सर्जन हातमोजे काढतो, मदतनीस पुढच्या रुग्णाच्या तयारीला लागतो आणि पिंजऱ्यात कुशीवर पडलेल्या कुत्र्याकडे जाता-येता पाहिले जाते. चपट्या तोंडाच्या कुत्र्याची श्वासनलिकेतील नळी तो डोके उचलून ती स्वतःहून नाकारीपर्यंत राहू द्यावी लागते; काढण्याआधी घसा शोषकाने स्वच्छ करावा लागतो, आणि काही वर आल्याची शंका असेल तर अन्ननलिका कोमट पाण्याने धुऊन, नळीभोवतीचा फुगा पुरता न सोडता ती बाहेर ओढावी लागते, म्हणजे फुग्याच्या वर साचलेला द्रव तिच्यासोबत निघतो. कुत्र्याला पोटावर, छाती टेकवून बसवावे, डोके उशीवर उंच ठेवावे, आणि द्रव येऊ लागला तर तत्काळ नाक खाली करून तो बाहेर वाहू द्यावा. प्राणवायू, थंड हवा, शांतता, धाप वाढल्यास सौम्य गुंगीचे औषध, आणि हे सारे पाहणारा एक माणूस जो दुसरे काही करत नाही, एवढ्यात बहुतेक प्रतिबंध सामावतो. महाराष्ट्रातील शहरांत, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात, अशा कुत्र्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवले जाते आणि दिवसभर उपाशी राहिला म्हणून घरचे त्याला वाटीभर दूध-पोळी किंवा दहीभात मायेने भरवतात. ही माया चुकीची नाही, तिला दिशा देणारा कागद दवाखान्याने दिलेला नसतो. पहिल्या दिवशी ओल्या, मऊ अन्नाचे लहान गोळे, थोड्या थोड्या अंतराने, भांडे किंचित उंचावर ठेवून, आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, एवढे चार ओळींत लिहून देता येते.

ज्या कुत्र्यांना धोका अधिक आहे ती आधी ओळखता येतात, हेही स्पष्ट झालेले आहे. २५८ शस्त्रक्रियांचा आढावा घेणाऱ्या २०२० सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर रिगर्जिटेशन झाले, आणि ज्यांना ते आधीही होत असे त्यांना तसेच वयाने लहान असलेल्यांना ते अधिक झाले. अडचण अशी की आधीचा इतिहास सांगणारा पालकच त्याला इतिहास मानत नाही. २०१२ सालच्या एका ब्रिटिश पाहणीत, ज्यांच्या कुत्र्यांना श्वासाच्या अडथळ्याची लक्षणे होती अशा ५८ टक्के पालकांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काहीच त्रास नसल्याचे सांगितले होते. भारतात २००३ सालच्या हच कंपनीच्या जाहिरातीने पग घराघरांत ओळखीचा झाला, आणि घोरणे, फुरफुरणे, खेळून आल्यावर पांढरा फेस टाकणे ही त्याची गंमत म्हणून स्वीकारली गेली. म्हणून ‘उलटी होते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर थांबणे पुरेसे नाही. झोपेतून उठल्यावर तो वारंवार घोट गिळतो का, ओठ चाटतो का, उत्साहाच्या भरात किंवा पाणी प्यायल्यावर फेस येतो का, पोट न आवळता अन्न बाहेर पडते का, असे विचारावे लागते, आणि उत्तरे होकारार्थी असतील तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी जठराचा उपचार सुरू करावा लागतो. पाँसे यांच्या गटाने २००६ साली ५१ कुत्र्यांच्या अनुभवावरून, श्वासमार्गाच्या शस्त्रक्रियेला जठराच्या औषधोपचाराची जोड दिल्यास निकाल सुधारतात, असे मांडले होते.

खर्चाचे कारण अनेकदा शेवटी पुढे केले जाते, परंतु ओमेप्राझोल व मेटोक्लोप्रामाइड ही स्वस्त औषधे आहेत. महाग आहे ते एका प्रशिक्षित माणसाचे काही तासांचे लक्ष, आणि ते शस्त्रक्रियेच्या शुल्कात धरणे हेच प्रामाणिक आहे. फुप्फुसदाह झालेल्या कुत्र्याचे प्राणवायूवरचे दिवस त्याहून कितीतरी महाग पडतात.

राहतो तो एक सूक्ष्म युक्तिवाद: नाकपुड्या व टाळू मोकळे केले की छातीतला दाब सुधारेल आणि जठराचा त्रास आपोआप थांबेल, मग त्याची वेगळी काळजी कशाला? अनेक कुत्र्यांत तो त्रास पुढील काही आठवड्यांत कमी होतो, हे खरे आहे. पण टाके घातलेला घसा पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा अधिक सुजलेला असतो, म्हणजे ज्या सुधारणेवर विसंबायचे ती येण्याआधी कुत्र्याला त्याच्या आयुष्यातील सर्वांत धोकादायक तास ओलांडायचे असतात. आणि काही कुत्र्यांत ती सुधारणा येतच नाही. श्वास मोकळा होऊन व औषधे चालू असूनही महिन्या-दोन महिन्यांनी अन्न वर येत राहिले, तर क्ष-किरणांच्या चलचित्रणाखाली गिळणे तपासून, श्वासपटलाचे छिद्र अरुंद करणारी आणि अन्ननलिका व जठर जागच्या जागी बांधणारी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्या दुसऱ्या भुलीच्या वेळी ही सारी योजना पुन्हा पहिल्यापासून राबवावी लागते.